कर्पूरोद्भव कार्बन-नलिका : चिकित्सेतील उपयोग व विषत्वविचार

अलीकडे आपल्या व्यवसायात 'नॅनो' हा शब्द फार झपाट्याने शिरला आहे. औषधी दुकानात बसावे तर दिवसाकाठी एखादा तरी विक्रेता 'नॅनो' अक्षरे छापलेली बाटली पुढे ठेवतो. कधी ते 'नॅनो कर्क्युमिन' असते, कधी 'नॅनो सुवर्ण', आणि क्वचित 'कार्बन नॅनो' असाही उल्लेख आढळतो. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी अर्बुदाचा रुग्ण नागपूर किंवा सेवाग्रामहून उपचार घेऊन परततो, तेव्हा त्याचे नातलग मोबाईलवरील एखादी बातमी दाखवून विचारतात, "वैद्यराज, कार्बनच्या नळ्यांनी म्हणे कॅन्सरची गाठ जाळतात, ते आपल्याकडे मिळेल का?" या प्रश्नाला 'आम्हास ठाऊक नाही' असे उत्तर देणे वैद्यास शोभत नाही. ठाऊक नसताना 'हो' म्हणणे तर त्याहून वाईट. म्हणून कार्बन-नलिका म्हणजे काय, चिकित्सेत त्यांचा उपयोग आज कोठवर आला आहे आणि त्यांच्यापासून भय कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत. विषय आधुनिक पदार्थविज्ञानाचा असला तरी त्याचा एक धागा थेट आपल्या कर्पूराशी आणि महाराष्ट्रातील एका प्रयोगशाळेशी जुळलेला आहे.

प्रथम स्वरूप पाहू. कार्बन हे मूलद्रव्य आपणास परके नाही. कोळसा, दिव्याची काजळी, पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि रसशास्त्रातील वज्र म्हणजे हिरा, ही सर्व त्याचीच रूपे. अणू एकच, फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनी जाळी करून पापुद्र्याप्रमाणे एकावर एक बसलेले असतात, मधमाशीच्या पोळ्याचा सपाट कागद करावा तसे. असा एक पापुद्रा गुंडाळून त्याची सुरळी केली की झाली कार्बन-नलिका. एकाच पापुद्र्याची असेल तर एकभित्ती नलिका म्हणतात. सुरळीत सुरळी अशा अनेक असतील तर ती बहुभित्ती. एकभित्ती नलिकेचा व्यास एक ते दोन नॅनोमीटर, म्हणजे जवळपास डी.एन.ए.च्या सर्पिलाएवढा असतो. नॅनोमीटर हा मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७००० नॅनोमीटर रुंद असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण ध्यानी येईल. व्यास इतका सूक्ष्म, परंतु लांबी मात्र त्याच्या हजारो पट असू शकते. ही 'सूक्ष्म पण लांब' अशी आकृती वाचकांनी ध्यानात ठेवावी. या पदार्थाचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यातूनच निघतात.

जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या नलिकांचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. तशा नळ्यांची छायाचित्रे रशियातील राडुश्केविच व लुक्यानोविच यांनी १९५२ मध्येच छापली होती, पण शीतयुद्धाच्या त्या काळात रशियन भाषेतील तो निबंध फारसा कोणी वाचला नाही. आपल्याकडे या बाबतीत दोन शोधांचे दाखले वारंवार दिले जातात. जर्मनीतील पाउफलर व त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ मध्ये सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कार्बन-नलिका आढळल्या. अशा तलवारींचे पोलाद हिंदुस्थानातून जात असे. पुढे २०२० मध्ये तामिळनाडूतील कीळडी येथील उत्खननात सापडलेल्या, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मृत्पात्रांच्या लेपातही त्या आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हे दोन्ही शोध खरे आहेत. परंतु त्यावरून 'पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते' असे व्याख्यानांतून सांगितले जाते ते आम्हास मान्य नाही. लोहार आपले पोलाद उत्तम जाणत होता आणि कुंभार आपला आवा. नलिका त्यांच्या हातून घडल्या, त्यांनी त्या जाणून घडविल्या नाहीत. त्यांच्या कौशल्याचा गौरव करण्यास न घडलेल्या ज्ञानाची जोड देण्याचे कारण नाही.

आता कर्पूराकडे वळू. मुंबईत पवई येथील आय.आय.टी.मध्ये प्रा. महेश्वर शेरॉन व त्यांचे विद्यार्थी वनस्पतिजन्य द्रव्यांपासून कार्बनची नवी रूपे तयार करण्याच्या खटपटीत होते. पाश्चात्त्य प्रयोगशाळा मिथेन, ॲसिटिलिन, बेंझिन यांसारखे खनिज इंधनांपासून मिळणारे पदार्थ वापरीत असता, या गटाने कापूर हाती घेतला. कर्पूरापासून 'फुलरीन' म्हणजे चेंडूच्या आकाराचे कार्बन-रेणू मिळतात, हे त्यांनी १९९४ मध्ये भौतिकशास्त्राच्या एका अग्रगण्य अमेरिकी नियतकालिकात दाखवून दिले. पुढे याच परंपरेत तयार झालेले मुकुल कुमार यांनी जपानमधील मैजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्या समवेत कर्पूरापासून एकभित्ती व बहुभित्ती अशा दोन्ही नलिका मुबलक प्रमाणात मिळविल्या. तो निबंध २००३ चा.

यातील कृती वैद्यास समजण्यास मुळीच कठीण नाही. काचेच्या एका लांब नळीत एका टोकाला कापूर व थोडे फेरोसीन नावाचे लोहयुक्त द्रव्य ठेवतात. नळीतून ऑरगॉन हा निष्क्रिय वायू सोडून हवा बाहेर घालवितात, म्हणजे आत प्राणवायू राहात नाही. कापूर सौम्य उष्णतेने उडतो, त्याचे बाष्प वायूबरोबर भट्टीच्या तप्त भागात जाते, आणि सुमारे ९०० अंश सेल्सिअसला त्याचा रेणू फुटतो. फेरोसीनमधील लोहाचे अतिसूक्ष्म कण तेथे बीजाचे काम करतात, आणि त्या प्रत्येक कणावर कार्बनची नळी वाढू लागते. हवेशिवाय द्रव्य जाळणे म्हणजे आपली अंतर्धूम कृतीच की! शरावसंपुट कापडमातीने बंद करून मयूरपिच्छ मसी करताना आपण जे तत्त्व वापरतो, तेच येथे आहे. भेद इतकाच की येथे तापमान, वायूचा प्रवाह आणि बीजधातू यांचे काटेकोर नियमन असते. ते नसेल तर नळ्या न होता नुसता कोळसा होतो.

कर्पूरच का, याचीही कारणे दिली गेली. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा अणू आधीच कड्यांच्या रूपात जोडलेले असतात, त्यामुळे नळीची जाळी बनण्यास सुलभ जाते. तो सहज उडतो. शिवाय त्यात प्राणवायूचा एक अणू असतो, तो नको असलेली काजळी जाळून टाकण्यास साहाय्य करतो. पुढे शेरॉन यांच्या सहकाऱ्यांनी आणि अन्य संशोधकांनी टर्पेंटाइन व निलगिरी तेलापासूनही नलिका केल्या. येथे औषधी दुकानदारांना एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या दुकानात जो कापूर येतो त्याचा बहुतांश भाग झाडाचा नसून टर्पेंटाइनपासूनच कारखान्यात केलेला असतो. तेव्हा संशोधकांनी टर्पेंटाइनकडे वळणे म्हणजे वेगळ्या वाटेने त्याच गावी जाणे होय. प्रा. शेरॉन व डॉ. माधुरी शेरॉन यांनी पुढे सोलापूर येथील वालचंद महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान केंद्रातून व अंबरनाथजवळील केंद्रातून हे कार्य चालू ठेवले. त्यांच्या गटाने कापसाचे तंतू हवेविना भाजून कार्बनचे तंतू केले आणि त्यांत हायड्रोजन साठविण्याचे प्रयोग केले. ज्या पांढऱ्या सोन्याच्या भावासाठी आमच्या केळापूर तालुक्याचा शेतकरी दरवर्षी आकाशाकडे अन् बाजाराकडे आळीपाळीने पाहात असतो, त्याचा असाही उपयोग होऊ शकतो हे वाचून आम्हास कौतुक वाटले. अर्थात ते चिकित्सेचे नव्हे, ऊर्जेचे काम आहे. असो.

चिकित्साशास्त्राला या नलिकांचे आकर्षण वाटण्याची कारणे तीन. पहिले म्हणजे पृष्ठभाग. एकभित्ती नलिकांच्या एका ग्रॅमचा बाह्य पृष्ठभाग, गणिताने, सुमारे १३०० चौरस मीटर भरतो. इतक्या पृष्ठावर औषधाचे पुष्कळ रेणू चिकटविता येतात. दुसरे म्हणजे नलिका सुईप्रमाणे पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकतात. आणि तिसरे, त्या अवरक्त प्रकाश शोषून तापतात व विद्युत् उत्तम वाहून नेतात.

औषधवाहक म्हणून झालेल्या प्रयोगांपैकी एक आपल्या वाचकांना विशेष रुचेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाइ यांच्या गटाने २००८ मध्ये पॅक्लिटॅक्सेल हे अर्बुदनाशक औषध नलिकांना जोडून स्तनार्बुद असलेल्या मूषकांना दिले. नेहमीच्या पद्धतीने दिलेल्या औषधापेक्षा ते गाठीत कितीतरी अधिक पोहोचले व गाठीची वाढ अधिक रोखली गेली. हे पॅक्लिटॅक्सेल टॅक्सस कुलातील वृक्षांचे. तालीसपत्र कोणते, ॲबीस की टॅक्सस, या आपल्या जुन्या द्रव्यविनिश्चयाच्या वादातील दुसरा पक्ष तो हाच. टॅक्ससची पाने तालीसपत्र म्हणून चूर्णात घालणे किती घातक ठरू शकेल, हे येथे सहज लक्षात यावे.

गाठ 'जाळण्याची' जी बातमी रुग्णांचे नातलग दाखवितात तिचे मूळ २००५ च्या प्रयोगात आहे, तोही याच गटाचा. अंधारात विजेरीवर तळहात धरला तर तो लाल दिसतो, हे सर्वांनी पाहिले आहे. तांबडा व त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश मांसातून बराच पार जातो, आणि ऊतक त्याने फारसे तापत नाही. नलिका मात्र हा प्रकाश आधाशासारखा शोषतात. संशोधकांनी नलिकांना फोलिक आम्लाची जोड दिली, कारण काही अर्बुदपेशींच्या आवरणावर फोलिक आम्ल धरून ठेवणारी स्थाने फार असतात. अशा पेशींत नलिका शिरल्या, अवरक्त लेसर टाकताच पेशी मेल्या, आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचल्या. प्रयोग सुंदर आहे यात शंका नाही. परंतु तो काचपात्रातील पेशींवर झाला होता. त्यानंतर मूषकांवर तत्सम प्रयोग झाले. मनुष्यात अशा रीतीने गाठ जाळण्याची मान्य चिकित्सा आजमितीस कोठेही उपलब्ध नाही. नातलगांना द्यावयाचे उत्तर हे, आणि ते स्पष्ट शब्दांत द्यावे. तो रुग्ण चालू उपचार सोडून अशा बातमीच्या मागे मुंबई-हैदराबादच्या फेऱ्या घालू लागला तर त्याची गाठ थांबून राहणार नाही.

निदानाच्या क्षेत्रात प्रगती बरी आहे. एकभित्ती नलिका अवरक्त प्रकाशात चमकतात, आणि त्यांच्यावर विशिष्ट रेणू चिकटला की ती चमक बदलते. अमेरिकेतील एम.आय.टी. येथील मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने २०१३ मध्ये मूषकाच्या त्वचेखाली असा संवेदक ठेवून नायट्रिक ऑक्साइड मोजले. तो संवेदक वर्षाहून अधिक काळ कार्य करीत राहिला. न्यूयॉर्कमधील डॅनिएल हेलर यांच्या गटाने बीजाशयाच्या अर्बुदाचे लवकर निदान व्हावे म्हणून याच गुणाचा उपयोग केला आहे. हृदय व मज्जासंस्थेच्या बाबतीत नलिकांची विद्युद्वाहकता कामी येते. त्यांचे केसाहून बारीक असे मऊ सूत कातता येते. टेक्सासमधील संशोधकांनी २०१९ मध्ये मेंढ्यांच्या हृदयातील, विद्युत्संदेश न वाहणाऱ्या भागावर हे सूत शिवून संदेशाचा मार्ग पुन्हा जोडून दाखविला. इटलीतील प्रातो व बाल्लेरिनी यांच्या गटाने मज्जारज्जूचे विलग तुकडे नलिकांच्या जाळीवर ठेवले असता ते पुन्हा परस्परांशी संपर्क साधतात, असे २०१६ मध्ये दाखविले. पक्षाघाताच्या रुग्णांना वर्षानुवर्षे तेल चोळणाऱ्या आम्हा वैद्यांना या प्रयोगाविषयी कुतूहल वाटावे हे स्वाभाविक आहे. मात्र तो प्रयोग काचपात्रातील आहे हे विसरून चालणार नाही.

मग या नलिकांचा रुग्णालयात प्रत्यक्ष वापर कोठेच नाही काय? आहे, पण शरीरात नव्हे, शरीराबाहेर. क्ष-किरणाच्या नेहमीच्या यंत्रात इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी धातूची तार लालबुंद तापवावी लागते. नलिकांचे टोक इतके टोकदार असते की विद्युद्दाब दिला की न तापविताच त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात ऑटो झू व सहकाऱ्यांनी या तत्त्वावर बरेच काम केले. या पद्धतीची क्ष-किरण नळी असलेले, रुग्णाच्या खाटेपर्यंत सहज ढकलत नेता येणारे हलके यंत्र आता बाजारात आहे. ऑस्ट्रेलियातील मायक्रो-एक्स या कंपनीच्या अशा एका यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मान्यता दिली. पंचवीस-तीस वर्षांच्या गाजावाजातून कार्बन-नलिकांचे जे फळ रुग्णाच्या खाटेजवळ पोहोचले ते हे. इतर नॅनो-औषधांची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये कोविडनंतर म्यूकरमायकोसिसची साथ आली तेव्हा ज्या लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातलग वणवण फिरले, तीही नॅनो-औषधेच होती. पण त्यांत वाहक असतो मेदाचा थेंब, जो शरीर पचवू शकते. नॅनो म्हटले की सारे एक, असे नाही.

नेमके येथेच कार्बन-नलिकांचे घोडे अडले आहे. त्या शरीरात पचत नाहीत, निदान सहजी पचत नाहीत. २००४ मध्ये मूषकांच्या फुप्फुसांत नलिका टाकल्या असता गाठी उत्पन्न झाल्याचे प्रथम प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये एडिंबरो येथील केन डोनाल्डसन यांच्या गटाने अधिक गंभीर गोष्ट दाखविली. त्यांनी मूषकांच्या उदरावरणात लांब नलिका, आखूड नलिका आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू टोचून तुलना केली. लांब, ताठ नलिकांनी ॲस्बेस्टॉसप्रमाणेच शोथ व ग्रंथी उत्पन्न केल्या, आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नलिकांनी केल्या नाहीत. द्रव्य तेच, कार्बनच, पण आकाराने परिणाम पालटला.

याचे कारण शरीराच्या सफाई व्यवस्थेत आहे. बाहेरील कण आला की भक्षक पेशी त्यास गिळते. ही पेशी साधारण दहा ते वीस मायक्रोमीटरची. तिच्याहून लांब असा ताठ तंतू तिला पूर्ण गिळता येत नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर अशा स्थितीत ती आपले दाहक स्राव सोडीत राहते, मरते, मग दुसरी येते. घशात माशाचा काटा अडकावा तसा हा प्रकार, फक्त तो कित्येक वर्षे चालतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉसने फुप्फुसावरणाचे अर्बुद वीस-चाळीस वर्षांनी होते ते याच मार्गाने. आमच्या भागातील जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीने छाती भरल्याची तक्रार असते, आणि आठवड्याची सुटी संपून कामावर गेले की ती वाढते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पण कापसाची धूळ डोळ्यांना दिसते, तोंडावर फडके बांधून बरीचशी अडविता येते. नलिकांची धूळ दिसत नाही आणि फडके तिला अडवीत नाही.

पुढील पुरावाही त्याच दिशेचा आहे. जपानमध्ये उंदरांना दोन वर्षे बहुभित्ती नलिकांचा एक विशिष्ट प्रकार श्वासावाटे दिला असता फुप्फुसांत अर्बुदे झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याआधी, २०१४ मध्येच, हा प्रकार 'मनुष्यास कदाचित कर्करोगकारक' या गटात घातला होता. अन्य प्रकारांविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे तिने म्हटले. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कारखान्यातील हवेसाठी जी मर्यादा सुचविली ती घनमीटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० मध्ये असे आढळले की आपल्या श्वेतकणांतील मायलोपेरॉक्सिडेज हा पाचक घटक एकभित्ती नलिकांचे हळूहळू विघटन करू शकतो. नलिका तीव्र आम्लांत उकळून आखूड केल्या आणि त्यांच्या पृष्ठावर पाण्याशी मैत्री करणारे गट बसविले, तर त्या पाण्यात विरघळतात, गुठळ्या करीत नाहीत, आणि मूषकांत मूत्र वा पित्तावाटे बऱ्याच अंशी बाहेर पडतात. कच्च्या नलिकांत लोह, निकेल, कोबाल्ट या बीजधातूंचे कण राहून गेलेले असतात. तेही या आम्लक्रियेने निघतात. म्हणजे निर्मितीपेक्षा नंतरच्या शुद्धीवर व पृष्ठसंस्कारावर द्रव्याचे विषत्व किंवा औषधत्व ठरते. वत्सनाभाला गोमूत्रात ठेवणाऱ्या आणि पारदाचे संस्कार मोजून करणाऱ्या वैद्यास हे तत्त्व नवे नाही. संस्काराने गुणांतर होते ही चरकसंहितेची शिकवण येथे विनासायास आठवते.

तथापि साम्य येथेच संपते, आणि ते ताणू नये असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. आपल्या भस्मांत नॅनो आकाराचे कण असतात, हे पवईच्याच आय.आय.टी.तील प्रा. जयेश बेल्लारे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जसद भस्माच्या परीक्षणात दाखविले. ते कण जस्ताच्या ऑक्साइडचे होते. त्यांचा कार्बन-नलिकांशी काही संबंध नाही. 'कण नॅनो आहेत' यावरून 'म्हणून निर्धोक आहेत' किंवा 'म्हणून प्रभावी आहेत' यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. ॲस्बेस्टॉसचा तंतूही नॅनोच असतो. रेखापूर्णत्व हे सूक्ष्मतेचे लक्षण, परंतु आपल्या आचार्यांनी तेवढ्यावर न थांबता निरुत्थ व अपुनर्भव या परीक्षाही सांगितल्या, त्या उगाच नव्हेत. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा अर्सेनिक आढळल्याचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हा आपल्यातील काहींनी 'हे नॅनो रूप आहे, त्याचा अपाय होत नाही' असे उत्तर दिले. ते उत्तर पुराव्यावाचून होते, आणि त्याने आपली बाजू बळकट झाली नाही.

काजळाविषयीही विचारणा होते. एरंडेल किंवा तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीत कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात. ज्वलनाच्या कोणत्याही धुरात ते असतात, क्वचित नलिकाही असतात. पॅरिसमधील दमेकरी मुलांच्या श्वासमार्गातील द्रवात अशा नलिका सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वाहनांचा धूर हा त्यांचा संभाव्य उगम मानला गेला. तेव्हा काजळात नलिका असणे ही काजळाची थोरवी नव्हे. आणखी एक गफलत छापील माहितीपत्रकांतही आम्ही पाहिली आहे. काजळी आणि कज्जली यांत नावाचे साम्य आहे, द्रव्याचे नाही. कज्जली म्हणजे पारद-गंधकाचे मर्दन; तिच्यात कार्बनचा अंशही नसतो. 'कज्जली म्हणजे प्राचीन कार्बन नॅनोट्यूब' असे वाक्य ज्या पत्रकात आढळेल ते पत्रक दुकानातून परत करावे हे उत्तम.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. औषधे व प्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये आयुर्वेदिक औषध म्हणजे प्रथम अनुसूचीतील ग्रंथांत सांगितलेल्या योगांनुसार केलेले औषध. स्वामित्व औषधातही त्या ग्रंथांतील योगांत उल्लेखिलेली घटकद्रव्येच घालता येतात. कार्बन-नलिका यांपैकी कशातही येत नाही. तेव्हा आयुर्वेदिक परवान्यावर तिचे उत्पादन किंवा विक्री होऊ शकत नाही, मग लेबलावर कर्पूराचे चित्र असो वा नसो. ॲलोपॅथीच्या बाजूनेही कार्बन-नलिका असलेल्या कोणत्याही औषधास आजवर मनुष्यात वापरण्याची मान्यता मिळालेली नाही. नॅनो-औषधांचे मूल्यमापन कसे व्हावे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. एखाद्या नॅनो-औषधाचा विक्रेता खरोखर मान्यता असल्याचे सांगत असेल तर त्याच्याकडून परवाना क्रमांक व कणांच्या परीक्षणाचा अहवाल लेखी मागावा. अर्बुद किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात अधिनियमाने निषिद्ध आहे. दुकानाच्या दर्शनी भागात तसा फलक लावला तर जबाबदारी फलक पुरविणाऱ्यापुरती न राहता दुकानदारावरही येते.

आणि एखाद्या संशोधन संस्थेशी संबंधित वाचकाकडे किंवा औषधनिर्माण महाविद्यालयात नमुन्याची कुपी खरोखरीच आली, तर ती कोरड्या अवस्थेत उघडू नये. खलात घोटू नये, आणि सूक्ष्मता पाहण्यासाठी बोटाच्या रेषांत तर मुळीच चोळू नये. नलिका नेहमी द्रवात भिजवून, बंद धूरपेटीत हाताळतात, आणि सांडल्यास झाडू न फिरविता ओल्या कापडाने टिपून घेतात.